जेटच्या तोंडातल्या अक्षता

अंबडच्या बसस्टँडसमोर, रसवंतीच्या शेजारी माझं दुकान आहे आणि दुकानाच्या पाटीवर जेट इंजिनाचं चित्र आहे. त्यामुळं महिन्यातून एकदा तरी कुणीतरी आत डोकावून विचारतं, "साहेब, इथं इमानाचं तिकीट भेटतं का?"

तिकीट भेटत नाही. विमानही मी बनवत नाही. हौशी लोक रिमोटवर छोटी विमानं उडवतात, त्यातल्या काही विमानांत खरंखुरं जेट इंजिन असतं. ते हवा फुंकून सुरू करायचं जुन्या पद्धतीचं असेल, तर मी ते बटणावर सुरू होणारं करून देतो. एवढंच माझं काम. मराठवाड्यात दुसरं कुणी हे करत असेल तर त्यानं मला जरूर भेटावं. दोघं मिळून निवांत चहा पिऊ, कारण दोघांकडंही गर्दी सारखीच असणार. पोटासाठी मी पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरतो, म्हणजे आत नवी तार गुंडाळतो. जेटचं काम कुरियरनं येतं, कधी हैदराबादहून, कधी कोईमतूरहून, आणि पाकिटावर माझ्या नावापुढं 'बी.एस्सी.' नसलं तर मला चुकल्यासारखं वाटतं.

या अंकाच्या संपादकांनी 'काहीतरी प्रेरणादायी लिहा' असं सांगितलंय. तसं माझ्याकडं काही नाही. जे आहे ते लिहितो.

आधी इंजिन समजून घ्या. आकार पाण्याच्या मोठ्या थर्मासएवढा. आत एक दांडा, दांड्याच्या पुढच्या टोकाला एक पंखा, मागच्या टोकाला दुसरा. पुढचा पंखा हवा आत ओढून दाबतो, मधल्या भागात तेल जळतं, तो जाळ मागच्या पंख्याला फिरवून बाहेर पडतो, आणि मागचा फिरला की त्याच दांड्यावरचा पुढचा फिरतो. एकदा सुरू झालं की आपलं आपण चालत राहतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. अडचण एकच. पहिल्यांदा त्याला कुणीतरी फिरवावं लागतं. न फिरवता तेल सोडलं तर इंजिनाची शेगडी होते.

जुन्या इंजिनात हे फिरवणं हवेनं व्हायचं. समोर तोंडाशी हवेचा झोत मारायचा, पंखा फिरला की थोडा गॅस सोडून जाळ पेटवायचा, मग हळूच तेल. एक जण हवा मारणार, एक जण गॅसची चावी धरणार, आणि तिसरा लांब उभा राहून 'जपून, जपून' म्हणणार. नव्या पद्धतीत तोंडाशी अंगठ्याएवढी मोटार बसवतात. बटण दाबलं की मोटारीच्या टोकाची रबरी कडी पुढं सरकते, दांड्याच्या नटाला धरते, त्याला गरागरा फिरवते, आणि इंजिन स्वतःच्या जिवावर आलं की आपण होऊन मागं सरते. तापमान किती, फेरे किती, तेल कधी सोडायचं, हे सगळं एक छोटा डबा बघतो. आम्ही तो डबा जोडतो, मोटार बसवतो, आणि लेथवर नवा नट काढतो. खरी कला त्या नटात आहे. केसाच्या निम्म्यानं तो वाकडा निघाला तर लाख फेऱ्यांत इंजिन स्वतःला खिळखिळं करून टाकतं.

इंजिन सुरू करणं हे तसं आमच्या घरातलं खानदानी काम. वडील दुसऱ्याच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारायचे. एकदा हँडल उलटं आलं आणि मनगट मोडलं. मी तेव्हा सातवीत होतो. हातात प्लास्टर घेऊन ते म्हणाले, "तू शिक. मंग तुझं इंजिन बटणावर चालंल." मी शिकलो. आमच्या घराण्यात कॉलेजचा दाखला आणणारा मी पहिला. बटणाचं खरं झालं, बाकी शिक्षणानं माणूस कुठं-कुठं सरळ होतो याबद्दल पुढं येतंच.

गिऱ्हाइकं कशी असतात त्याचा एकच नमुना देतो. वडीगोद्रीचे बापूराव. हायवेला औषधं-बियाण्यांचं दुकान, मागं मोसंबीची बाग, आणि हैदराबादच्या कुणा हौशी माणसाकडून घेतलेलं जुनं जेट विमान. एक दिवस इंजिन टॉवेलात गुंडाळून घेऊन आले.

"सर, इंजिन खोकून राह्यलं."

"हवा कशानं मारता?"

"आपला पाठीवरचा फवारणीचा ब्लोअर हाय ना, मोसंबीचा."

"टाकी धुतली होती?"

"टाकीचा अन् हवेचा काय संबंध? हवा तं हवा हाय."

मी इंजिन उघडलं. आत सगळीकडं पिवळी भुकटी. मोसंबीवरच्या कोळी किडीसाठी मारलेलं गंधक टाकीत उरलं होतं, ते सगळं यांनी जेटला पाजलं होतं. जगात कितीतरी इंजिनं पक्षी गिळून बिघडली असतील. कोळीनाशक पिऊन बिघडलेलं हे पहिलंच असावं. "एक गोष्ट नक्की," मी म्हणालो, "याला आता कोळी लागणार न्हाई." बापूरावांनी ते मनावर घेतलं आणि समाधानानं मान हलवली.

बेअरिंगं बदलली, मोटार बसवली, बटणावर सुरू करून दाखवलं. पंधरा दिवसांनी बापूराव परत आले, तोंड पाडून.

"काय झालं? चालत न्हाई?"

"चालतं. पर मजा गेली, सर. आधी ब्लोअर पाठीला बांधला की अर्धी वडीगोद्री गोळा व्हायची. आता बटण दाबलं की सुरू. लोक म्हनतेत, हे तं मिक्सरसारखं हाय."

त्यांनी काय मागितलं माहितीये? मोटार राहू द्या, पण सोबत हवा मारायची सोयही ठेवा, नुसती दाखवायला. मी ठेवून दिली. अभियांत्रिकीत याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण राजकारणात त्याला नाव असणार.

आता जे खरं सांगायचं आहे ते.

जालन्याच्या रस्त्याला एक खाजगी इंजिनियरिंग कॉलेज आहे. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. अशा कॉलेजांच्या इमारती, अध्यक्ष आणि कमानी एका साच्यातून काढल्यासारख्या असतात. त्यांच्याकडं एक जेट इंजिन होतं. अध्यक्षांनी ते कुठल्याशा प्रदर्शनातून आणलं आणि काचेच्या कपाटात ठेवलं. कॉलेजच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर ते दरवर्षी छापलं जायचं, शेजारी हेल्मेट घातलेले अध्यक्ष. सुरू मात्र ते एकदाही झालं नव्हतं. ते हवेवर सुरू होणारं होतं आणि कॉलेजात हवा होती ती भाषणांपुरती.

मग मान्यतेची समिती येणार असं पत्र आलं. प्रयोगशाळेतली यंत्रं 'चालू स्थितीत' दाखवायची होती. कपाटाची चावी शोधण्यात दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी इंजिन घेऊन रेणुका मॅडम माझ्या दुकानात आल्या.

रेणुका मॅडम तिथं शिकवायच्या. एम.ई. झालेल्या, कुंभार पिंपळगावच्या. वडील शेती करतात आणि आठवडी बाजारात मिरची विकतात. त्याही घरातल्या पहिल्याच शिकलेल्या, त्यामुळं मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली, आणि त्या माझ्यापेक्षा दोन पदव्या पुढं होत्या म्हणून थोडी जळजळही. नोकरी अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. दरवर्षी ऑर्डर संपायची आणि दरवर्षी अध्यक्षांच्या मर्जीनं पुन्हा निघायची.

"सर, अध्यक्ष म्हणाले, समितीपुढं हे सुरू झालं तं तुमची पुढची ऑर्डर पक्की."

"आन् न्हाई झालं तं?"

"मंग बघू, म्हणाले."

आमच्याकडच्या संस्थांत 'बघू' म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

तीन आठवडे आम्ही त्या इंजिनावर काम केलं. मॅडम शनिवारी-रविवारी एस.टी.नं यायच्या. नट दोनदा बिघडला. दोन्ही वेळा वाकडेपणा त्यांनीच पकडला. माझ्या नजरेला तो सरळ दिसत होता. तोंडाला मी चहाची गाळणी बसवली. हसू नका, परदेशी जाळीपेक्षा ती बरी असते. इंजिन चालताना हवा इतक्या जोरात ओढतं की समोर पडलेला खडा, पान, काहीही आत जातं आणि लाख फेऱ्यांच्या पंख्यावर आपटतं. पात्यावर एक टवका उडाला की खेळ खलास. म्हणून गाळणी काढायची नाही, हा आमच्या दुकानातला पहिला नियम. तो मी भिंतीवर लाल रंगात लिहिलेला आहे. मीच.

समितीच्या दिवशी प्रयोगशाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत मांडव होता. टेबलावर इंजिन, टेबलाला झालर. समितीचे तीन साहेब खुर्च्यांवर. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेल्तो. अध्यक्षांनी मला बघितलं आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "या, या, इंजिनियर साहेब!"

आता हे कबूल करायला लागतं. मी बी.एस्सी. आहे, इंजिनियर नाही. दुरुस्त करायला पाहिजे होतं. मी फक्त कॉलर नीट केली.

मग गुरुजी पुढं आले. यंत्राची पूजा होणारच, त्यात मला काही वावगं वाटत नाही. माझ्या लेथला मी दसऱ्याला हार घालतोच. पण लेथ हार गिळत नाही. फोटोग्राफर म्हणाला, "त्ये चाळणीवानी काय हाय, त्ये काढा. तोंड दिसू द्या."

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "काढा हो इंजिनियर साहेब, दोन मिनिटं."

मी काढली. माझ्याच हातानं. गाळणी हातात धरून उभा राहिलो. गुरुजींनी कुंकू लावलं, मंत्र म्हटले आणि मूठभर ओल्या, लाल अक्षता टाकल्या. अध्यक्षांनी टाकल्या. प्राचार्यांनी अध्यक्षांपेक्षा थोड्या कमी टाकल्या. बहुतेक टेबलावर पडल्या. काही मोटारीच्या बाजूनं सरळ तोंडात गेल्या. मला दिसलं. चार-पाच तरी दाणे, पंख्याच्या पात्यांत जाताना स्पष्ट दिसले.

मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सर, आत गेले."

मी काय म्हणालो ते मी विसरलेलो नाही. म्हणालो, "काही होत न्हाई, मॅडम. जळून जातील."

ते जळून जाणार नाहीत हे मला बराबर माहीत होतं. जाळ मागं आहे, पंखा पुढं. दाणा जाळापर्यंत पोचायच्या आधी पंख्यावर आपटतो. हे मी गिऱ्हाइकांना चित्र काढून समजावतो. पण त्या क्षणी तीन साहेब माझ्याकडं बघत होते, आणि मला आताच इंजिनियर केलं होतं.

बटण मॅडमच्या हातात होतं. अध्यक्ष म्हणाले, "दाबा की, मॅडम. पाव्हणे खोळंबलेत."

मॅडमनी बटण टेबलावर ठेवलं.

"न्हाई सर. उघडावं लागंल."

अध्यक्ष हसत म्हणाले, पण दात आवळून, "मॅडम, शुभ कार्यात असं थांबवत नसतेत."

"थांबवलं न्हाई तं पंखा फुटंल, सर. आन् ह्या साहेबांच्या समोर फुटंल."

मॅडमनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी बोललो असतो तर तिथंच मिटलं असतं. 'बराबर आहे, उघडावं लागेल,' एवढं पाच सेकंदांचं वाक्य होतं. मी गाळणीच्या दांडीकडं बघत राहिलो.

मॅडमनी खिशातून ॲलन की काढली, चार स्क्रू सोडले, मोटार बाजूला केली आणि इंजिन तोंडावर उलटं करून झालरीवर झटकलं. लाल दाणे पडले. काही आत अडकले होते, एक तर रबरी कडीला चिकटला होता. ते ब्रश आणि चिमट्यानं काढावे लागणार होते. समितीतल्या मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "जेवणानंतर पाहू." जेवणानंतर असं काही पाहायचं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि अध्यक्षांनाही.

पाऊण तासानं इंजिन सुरू झालं. पहिल्याच बटणाला. शीळ वाढत गेली, मागं हवा थरथरायला लागली, झालर उडाली, दोन शिपाई टाळ्या वाजवायला लागले. मॅडम तापमानाच्या आकड्याकडं बघत होत्या, हसत नव्हत्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीट झालेलं काम ते. ते बघायला समितीतलं कुणी नव्हतं. जेवणाच्या हॉलात आवाज गेला तेव्हा एका साहेबांनी विचारलं म्हणे, "हा आवाज कशाचा?" अध्यक्ष म्हणाले, "प्रगतीचा." आणि त्यांच्या पानात आणखी एक पुरणपोळी पडली. हे मला वाढप्यानं सांगितलं, आणि वाढपी खोटं कशाला बोलेल.

समितीच्या कागदावर 'प्रात्यक्षिकाच्या वेळी यंत्र कार्यरत नव्हते' अशी ओळ आली. तिचा खुलासा पाहिजे होता. अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, वरून काजू दिले.

"दोन ओळी लिहून द्या तुमच्या लेटरहेडवर. तांत्रिक कारणामुळं उशीर झाला, बस."

"पण कारण तं तांदूळ होते, साहेब."

"अहो, देवाधर्माचं कागदावर कशाला आणता? आपल्या आणखी दोन कॉलेजांत लॅब करायच्यात. तुमच्यावानी माणूस पाहिजेच आपल्याला."

मी स्वतःला समजावलं की तांदूळ आत जाणं हेसुद्धा तांत्रिकच आहे. दोन ओळी लिहिल्या. सही ठोकली.

दीड महिन्यानं मॅडमची ऑर्डर संपली आणि नवी निघाली नाही. त्यांना जे पत्र मिळालं त्यात कारण होतं: तांत्रिक बाबीत निष्काळजीपणा. सोबत जोडलं होतं 'संबंधित अभियंत्याचे पत्र'. अखेर मला कागदोपत्री अभियंता केलं ते तिथं. त्या दोन कॉलेजांच्या लॅब अजून व्हायच्या आहेत.

मॅडमचा फोन आला. रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. एका सरकारी पॉलिटेक्निकमध्ये मुलाखत होती. तिथं आधीच्या कॉलेजचं पत्र मागितलं होतं, आणि त्या पत्रात 'निष्काळजी' असं लिहिलेलं होतं. "सर, खरं काय झालं ते लिहून द्या. सोमवारच्या आत."

ती नोकरी त्यांना लागली, हे आत्ताच सांगून टाकतो. तीही अकरा महिन्यांचीच. माझ्या पत्रामुळं लागली असं मात्र समजू नका. मुलाखतीत त्यांनी तिथली एक अडखळत चालणारी मोटार नुसती ऐकून दोष सांगितला म्हणे.

मी पत्र लिहिलं आणि कुरियर न करता स्वतः घेऊन कुंभार पिंपळगावला गेलो. बाजाराचा दिवस होता. मॅडमचे वडील मिरच्यांच्या ढिगामागं बसले होते, मॅडम शेजारी उभ्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मॅडमनी ओळख करून दिली, "हे अंबडचे सर. इंजिनाचे." म्हाताऱ्यानं पोत्यावर जागा करून दिली आणि चहा सांगितला. मला वाटलं होतं निदान हे तरी चार शब्द सुनावतील.

मॅडमनी पत्र उभ्यानं वाचलं. चांगलं पत्र होतं. पूजेचं लिहिलं होतं, अक्षतांचं लिहिलं होतं, गाळणी मी काढली हेही लिहिलं होतं. 'दाणे आत गेल्याचे माझ्या लक्षात आले नाही. परंतु रेणुका मॅडम यांनी ते वेळीच ओळखून यंत्राचे नुकसान टाळले.'

त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"सर, हे खोटं हाय."

"कोणतं?"

"लक्षात आलं न्हाई, हे. तुम्हाला दिसलं होतं. मी कानात सांगितलं तवा तुम्ही म्हणालात, जळून जातील."

"मॅडम, त्यानं तुम्हाला काय फरक पडतो? तुमचं तं चांगलंच लिहिलंय मी."

"फरक कसा न्हाई पडत? ते विचारतील, एवढ्या वर्षांच्या अनुभवी माणसाला दिसलं न्हाई ते तुम्हाला कसं दिसलं? मंग मी काय सांगू, नशिबानं दिसलं?"

म्हातारा एका बाईला मिरची तोलून देत होता. त्यानं तराजू खाली ठेवला आणि माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

मॅडमनी पर्समधून पेन काढून दिला. मी पत्र पोत्यावर ठेवून ते वाक्य खोडलं. वर लिहिलं, 'मला दिसले होते.' थोडं थांबून पुढं लिहिलं, 'मी गप्प बसलो.' हे दुसरं वाक्य त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी कागद घेतला, वाचला, आणि खोडलेल्या ओळीच्या शेजारी बोट ठेवून माझ्यापुढं परत धरला.

"इथं बी छोटी सही करा, सर. खाडाखोड हाय."